राखणदाराचा वाटा

“वास घेऊन बघा डॉक्टर, औषधाचा येतोय का,” असं म्हणत बाळगोंडा अण्णांनी स्वतःच हौशाचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला. मी गुडघे टेकून नाक जवळ नेलं. आंबूस वास होता, उलटीचा. फवारणीच्या औषधाचा नव्हता.

मी डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांचा डिप्लोमा करून पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो होतो, तासगावच्या पूर्वेकडच्या त्या द्राक्षांच्या गावात. पण ज्याच्या हातात सुई आणि खांद्याला बॅग, त्याला गाव डॉक्टरच म्हणतं, आणि चोविसाव्या वर्षी ते ऐकायला बरं वाटतं. म्हशी, शेळ्या, बैल यांचं मला बऱ्यापैकी कळायचं. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र लस टोचण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितलेली नव्हती.

हौशा हा अण्णांचा पश्मी कुत्रा. लांब तोंडाचा, केसाळ कानांचा, पळायला लागला की नजर पुरायची नाही असा. अण्णांची बेदाण्याची शेड गावाबाहेर माळावर होती. चारी बाजूंनी उघडी, आत जाळीचे मजल्यावर मजले असलेले रॅक. त्यावर द्राक्षं पसरायची, वाऱ्यानं पंधरा दिवसांत वाळली की रॅक झाडायचे आणि खाली पडलेला बेदाणा गोळा करायचा. असला उघड्यावरचा माल राखायचा म्हणजे जागता पहारा हवा, आणि तो पहारा हौशाचा. अण्णांची बायको वारली तेव्हापासून अण्णाही शेडवरच्या खोलीतच राहायचे. मुलगा-सून गावातल्या घरी होते, जेवणाचा डबा तिथून यायचा. बोलायला म्हणाल तर हौशा, आणि रोज तिन्हीसांजेला बांधावरून येऊन बसणारा शेजारी आकाराम माळी.

“काय खाल्लं होतं यानं?” मी विचारलं.

“दूध-भाकरी. दुसरं काय खाणार? जैनाच्या घरचं कुत्रं ते.” अण्णांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. “शनिवारी पहिला रॅक झाडला. तवा त्याचा वाटा दिला, तेवढंच.”

हा वाटा साऱ्या गावाला माहीत होता. हंगामातला पहिला बेदाणा उतरला की पहिलं ताट बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं जायचं आणि दुसरं राखणदारापुढं. शेड घातली त्या वर्षापासून अण्णांनी हा नेम पाळला होता, हौशाच्या आधीच्या कुत्र्यालाही. त्या वर्षी माल असा पिवळाधमक उतरला होता की अण्णांनी खुशीत ओंजळीवर ओंजळ घातली होती.

मी डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. पाठीशी बोटं टेकवली तसा हौशा कण्हला. मी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली थोडं सलाइन सोडलं.

“कालपासून भाकरीला तोंड लावंना,” अण्णा म्हणाले. “दूध हुंगतोय नि मान फिरवतोय. माझ्या हातनं दोन-चार बेदाणे तेवढे घेतोय. देऊ काय?”

“द्या की,” मी म्हणालो. “गोड आहे, अंगात ताकद राहील. आम्ही सलाइनमधून साखरच देतो, तुमचा बेदाणा म्हणजे तेच. भिजवून मऊ करून द्या.”

अण्णांचा चेहरा उजळला. आपल्या रानातलं काही औषधाच्या कामी येतंय म्हटल्यावर कुणालाही बरं वाटेल. मलाही बरं वाटलं, कारण काहीतरी ठाम सांगता आलं होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी गेलो तर हौशा उठून उभाही राहत नव्हता. अण्णा त्याच्याशेजारी मांडी घालून बसले होते. मी सुई भरत होतो तेवढ्यात आकाराम आला. पांढरी टोपी, कमरेला तंबाखूची चंची. त्याची द्राक्षं तयार झाली होती आणि दरवर्षी ती अण्णांच्याच शेडवर चढायची.

“बाळगोंडा, रॅक कवा मोकळं होतील? माल आता थांबंना,” असं विचारता विचारता त्याचं कुत्र्याकडे लक्ष गेलं. “काय झालं रं ह्याला?”

अण्णांनी मान वर केली नाही. “तूच सांग.”

“म्हंजे?”

“डेअरीपुढं काय बोलला होतास?”

शिवरात्रीच्या सुमारास हौशानं आकारामच्या चार कोंबड्या फाडल्या होत्या. अण्णांना त्याचं इतकं लागलं होतं की त्यांनी दोन दिवस उपवास केला होता. आकारामनं मात्र डेअरीपुढं दूध घालताना चार माणसांत तोंड सोडलं होतं, एक दिवस त्या कुत्र्याला औषध घालतो म्हणून. राग दोन दिवसांत उतरला आणि तो पुन्हा बांधावरून यायला लागला. शब्द तेवढे मागे राहिले होते.

“आरं, रागात माणूस काय बी बोलतंय,” आकाराम म्हणाला. “मी घालीन व्हय ह्याला औषध? माझ्या हातची भाकरी खाल्लीय ह्यानं.”

“म्हणून तर तुझ्या हातचं खाल्लं असंल.”

“लेकरांची शपथ घिऊन सांगतो, बाळगोंडा.”

अण्णा माझ्याकडे वळले. “डॉक्टर, तुम्ही सांगा. विषबाधा हाय का न्हाई?”

मला त्याच क्षणी उत्तर माहीत होतं. शेतातलं औषध पोटात गेलेलं जनावर मी पाहिलं होतं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हौशात यातलं काहीच नव्हतं. पण ते औषध नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग काय आहे? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

“तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “असूही शकतं.”

अण्णांना तेवढं पुरलं. “ऐकलंस? जा तू. तुझा माल माझ्या शेडवर चढायचा न्हाई. आणि बांध वलांडून पुन्हा इकडं येऊ नगंस.”

आकाराम माझ्याकडे बघत राहिला. मी सुईतली हवा काढत होतो, गरज नसताना दुसऱ्यांदा. मग तो आला त्याच बांधावरून परत गेला. चाळीस वर्षांचं येणं-जाणं होतं ते.

बुधवारी मी हौशाचं रक्त घेतलं. आदल्या दिवसापासून त्याला लघवी झाली नव्हती, असं अण्णांनी सांगितलं. रक्त तपासायचं तर तालुक्याच्या गावी माणसांची लॅब होती. कुत्र्याचं म्हटलं तर तिथं कुणी हात लावणार नाही, म्हणून मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, हौसाजी पाटील, वय साठ. दुपारी रिपोर्ट द्यायला लॅबवाला स्वतः बाहेर आला.

“हे तुमचे कोण?”

“वडील,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

“लघवी होतेय का त्यांना?”

“नाही.”

“मग इथं थांबू नका. आत्ताच्या आत्ता मिरजेला हलवा. दोन्ही किडन्या गेल्यात.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मुलाला पाठवून चहा मागवला. मी तो चहा प्यायलो. परक्या माणसाची ती माया बघून मला रडूच आलं, आणि त्याला वाटलं बापासाठी रडतोय. हसावं की रडावं अशी ती अवस्था होती, पण हसायला जीव थाऱ्यावर नव्हता.

समोरच एसटीडी बूथ होता. डिप्लोमाला असताना आम्हाला शिकवायला निमकर मॅडम यायच्या. वयस्कर, फटकळ, पण विद्यार्थ्याचा फोन कधी न टाळणाऱ्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उलटी, पाठीतलं दुखणं, बंद झालेली लघवी, रक्ताचे आकडे.

“फवारणीचं औषध नाही हे,” त्या म्हणाल्या. “तू बोलतोयस कुठून?”

“तासगावकडून, मॅडम.”

“मग द्राक्षं खाल्लीत का त्यानं? किंवा बेदाणे?”

“बेदाणे,” मी म्हणालो. “दोन-तीन ओंजळी. पण मॅडम, दरवर्षी खातो तो.”

“असेल. अलीकडेच परदेशात अशा केसेस गोळा केल्यात, मी वाचलंय. एखादं कुत्रं पोटभर खाऊन ठणठणीत राहतं आणि एखादं मूठभर खाऊन जातं. का, ते अजून कुणाला कळलेलं नाही. कांदा-लसूण, चॉकलेट आणि द्राक्षं-बेदाणे, माणसाच्या ताटातलं हे कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही. अजून देतायत का ते त्याला?”

“हो.”

“मग आधी जा आणि थांबव.”

“काही उतारा?”

“उतारा नाही रे. पहिल्या तासा-दोन तासांत उलटी काढायला हवी होती. आता सलाइन चालू ठेव. लघवी सुटली तर देव पावला म्हणायचं.”

मी फोन ठेवला. द्या की, ताकद राहील, असं मी म्हणालो होतो. भिजवून मऊ करून द्या, असंही मीच म्हणालो होतो. मोटारसायकलवरून माळाकडे जाताना तीच दोन वाक्यं माझ्या कानात वाजत होती.

शेडवर पोचलो तर अण्णांनी हौशाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेजारी वाटीत भिजवलेले बेदाणे. एकेक बेदाणा ते स्वतःच्या तोंडात घालून चावून मऊ करत होते आणि बोटाच्या टोकावरून हौशाच्या जिभेवर ठेवत होते. हौशाला भूक नव्हती. अण्णांचं बोट आहे म्हणून तो चाटत होता.

मी वाटी उचलली.

“का हो?” अण्णा म्हणाले.

“आता नको. पोटाला विश्रांती देऊ.”

“तुम्हीच म्हणाला होता की, द्या म्हणून. एवढंच खातोय तो, माझ्या हातनं.”

“म्हणालो होतो. आता नको, अण्णा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, नुसता विश्वास होता. तोच मला सोसेना. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो ते इतकंच, “सलाइन लावतो.”

“वाचंल न्हवं?”

“बघू.”

दिवस मावळेपर्यंत मी बाटली धरून उभा होतो. थेंब आत जात होता आणि बाहेर काही येत नव्हतं. हौशाच्या पोटाशी कातडी सुजून आली. मला शिकवलेलं सगळं मी केलं, आणि ते किती थोडं होतं हे तेव्हा कळलं.

गुरुवारी सकाळी हौशा गेला. शेडच्या उत्तरेला खड्डा खणून अण्णांनी त्याला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून ठेवलं. बेदाणा निवडायला आलेल्या बायका, अण्णांचा मुलगा, सून, सगळे गोळा झाले होते. माती सारून झाल्यावर अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “आकारामनं मारलं माझं लेकरू. मरंपातूर त्याचं तोंड बघणार न्हाई.” आणि ते माझ्याकडे वळले, जणू मी सही करणार होतो. मी रिकामी बाटली बॅगेत भरायला लागलो.

तिथून मी सरळ आकारामच्या रानात गेलो. तो आणि त्याची बायको द्राक्षं क्रेटमध्ये भरत होते. दुसऱ्या गावच्या शेडवर न्यायची होती. मला बघून त्यानं बायकोला पाणी आणायला पाठवलं.

“गेलं?” त्यानं विचारलं.

“गेलं. तात्या, मला तुम्हाला सांगायचंय. विष नव्हतं ते.”

“त्ये मला ठावंच हाय की.”

“बेदाण्यानं गेलं. कुत्र्याला बेदाणा बाधतो. काल तालुक्याला गेल्यावर फोनवर कळलं मला. अण्णांनी पहिला वाटा दिला ना, त्यानं.”

आकारामच्या हातात घड होता. तो त्यानं अलगद क्रेटमध्ये ठेवला आणि तो खाली बसला.

“बाळगोंडाला सांगितलंस?”

“नाही. आता जाऊन सांगतो. तुमच्यावरचा आळ तरी जाईल.”

“सांगू नगंस.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“सांगू नगंस त्याला,” तो पुन्हा म्हणाला. “मुंगी दिसली तर पाय वर धरणारं माणूस त्ये. कुत्र्यानं माझ्या कोंबड्या खाल्ल्या तर ह्यानं उपास धरला. त्याची बाई गेली तवा तीन दिस अन्नाला शिवला न्हवता. त्यो कुत्राच त्याच्या अंगावर पाय टाकून बसला नि त्याला उठवलं. आता आपल्याच हातानं घास भरवून त्याला मारलं म्हणून कळलं, तर ह्यो जगंल व्हय?”

“पण तात्या, तुम्हाला गाव काय म्हणेल?”

“गाव चार दिस म्हणंल. त्याला माझा राग हाय न्हवं, त्या रागावर तरी उठून बसंल त्यो.” त्यानं चंची काढली, उघडली आणि तशीच मिटली. “माझं काय, मी काय केलं न्हाई ह्ये मला ठावं हाय. आणि तुला बी ठावं हाय. दोन माणसं बास झाली.”

पाणी आलं. मी तांब्या घेतला, प्यायलो. आकारामनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू कशाला रडतोस, लेका? तुझी काय चूक? तू थोडाच दिलास?”

तेव्हा बोलायला हवं होतं. सोमवारपासून बुधवारपर्यंत हौशाच्या पोटात जे गेलं ते माझ्या सांगण्यावरून गेलं, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ते ऐकल्यावर आकारामनं काय ठरवलं असतं मला माहीत नाही. कदाचित तो म्हणाला असता, चल, दोघं मिळून बाळगोंडाकडे जाऊ, चूक शिकलेल्या माणसाची होती असं सांगू. अण्णांनी मला शिव्या घातल्या असत्या, गावानं मला डॉक्टर म्हणायचं सोडलं असतं, आणि ते दोघं तिन्हीसांजेला पुन्हा शेजारी बसले असते. हे सगळं मला तिथं उभं असतानाच दिसत होतं. मी म्हणालो, “बरं.”

त्याच वर्षी पावसाळ्यात माझी बदली झाली. मी अर्ज केला होता.

गावाची खबर अधूनमधून कळायची. अण्णांनी दुसरा कुत्रा आणला नाही. आकारामची द्राक्षं पुढं कायम लांबच्या शेडवर जात राहिली. लग्नकार्यात दोघं समोरासमोर आले तर अण्णा पंगतीतून उठून जायचे. चार दिवसांत निवळेल असं आकारामला वाटलं होतं, ते निवळलं नाही. अकरा वर्षांनी अण्णा वारल्याचा निरोप आला तेव्हा मी सुट्टी टाकून गेलो.

स्मशानात आकाराम दिसला नाही. परत येताना तो वाटेवरच्या बाभळीखाली उभा होता, हातात काठी, टोपी काढून कमरेला खोवलेली.

“आत आला नाहीत?” मी विचारलं.

“पोरानं येऊ दिलं न्हाई. बापाची इच्छा म्हणाला. त्यानं बी काय करावं?” तो मला घेऊन घराकडे चालू लागला. पायानं अधू झाला होता. “पर बाळगोंडाला शेवटपातूर कळलं न्हाई, ह्ये झाक झालं. न्हाई कळलं न्हवं?”

“नाही, तात्या.”

“मग झालं. तेवढ्यासाठीच केलं.”

दारात बाज होती, त्यावर आम्ही बसलो. त्याची बायकोही मधल्या काळात गेली होती. त्यानं स्वतः चहा केला, बशीत ओतून माझ्यापुढं धरला. मी मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगायचंच. अण्णा आता दुखावणार नव्हते. आता कुणाला भ्यायचं?

“डॉक्टर, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलंय,” आकाराम म्हणाला. “तू गेलास नि कुणाला इचारू? अकरा वर्सं डोस्क्यात हाय.”

“विचारा की.”

“पयला वाटा त्यानं दरसालासारखा दिला, त्ये समजलं मला. पर निवडायला येणाऱ्या बाया सांगत हुत्या, पुढं तीन दिस बाळगोंडा त्याला चावून चावून बेदाणाच भरवीत हुता. आजारी जनावराला बेदाणा द्यायचं त्याच्या मनात आलं कसं? त्याला सांगितलं कुणी?”

चहा गरम होता. मी बशी खाली ठेवली.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

आकारामनं मान हलवली. “आसंल कुणीतरी आडाणी,” तो म्हणाला आणि माझ्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.